हयातीचा रकाना

माणसाकडून काही मागावयाचे असले म्हणजे आधी त्यास काहीतरी देऊ करावे, हा व्यवहाराचा जुना शिरस्ता आहे. आणि रुग्णालयासारख्या ठिकाणी, जेथे मागणारा सबळ आणि देणारा खाटेवर पडलेला असतो, तेथे हे देऊ करणे बहुधा आशेच्या रूपाने होते. म्हणूनच, डोक्याच्या शस्त्रक्रियेचे टाके निघाल्यावर आणि काढलेल्या गाठीचा अहवाल हाती आल्यावर, मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक तरुण समन्वयक बाई संमतिपत्राची चार पाने घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि “काका, यात तुमचा स्वतःचा काहीही फायदा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते,” असे म्हणाल्या, तेव्हा त्या एका वाक्याने माझ्या मनात जो विश्वास उत्पन्न केला, तो त्या विभागाच्या भिंतींवर टांगलेल्या साऱ्या हसऱ्या चित्रांना मिळून करता आला नव्हता.

मेंदूच्या गाठी झालेल्या रुग्णांची एक नोंदवही संशोधनासाठी ठेवली जात होती आणि तीत माझे नाव घालण्यास माझी अनुमती हवी होती. औषध नवे मिळणार नव्हते, उपचार बदलणार नव्हता, केसपेपरच्या रांगेत पुढचा क्रमांकही लागणार नव्हता. वय, गाव, पहिले लक्षण कोणते आणि कधी दिसले, गाठ मेंदूच्या कोणत्या भागात होती, शस्त्रक्रियेत किती निघाली आणि किती राहिली, पेशींची तपासणी काय सांगते, ‘लाईट’ किती दिले, गोळ्या कोणत्या चालू आहेत, एवढा मजकूर फाइलीतून उतरून घ्यावयाचा. मेणात बसविलेला गाठीचा तुकडा पुढील अभ्यासासाठी राखावयाचा. आणि मग ठरावीक मुदतीने मी कसा आहे हे विचारीत राहावयाचे. किती काळ विचारणार, असे मी म्हटले. “शेवटपर्यंत,” असे बाई बोलून गेल्या, आणि लगेच भानावर येऊन “म्हणजे, तुम्ही नको म्हणेपर्यंत,” अशी त्यांनी दुरुस्ती केली. दोन्ही उत्तरे खरी होती, परंतु माझ्या मते पहिले अधिक नेमके होते.

मी जिल्हा कचेरीच्या रेकॉर्डमध्ये नोकरीची बहुतेक वर्षे काढलेला माणूस. लाल रुमालात बांधलेली दप्तरे, वाळवीने कोरलेले फेरफार आणि दोन तलाठ्यांच्या दोन हस्ताक्षरांत एकाच बांधाची दोन मापे, यांच्या सहवासात राहून माणसाला एक गोष्ट कळून चुकते: नोंद मुळातच नसली तर लोक चौकशीस निघतात, पंच बोलावतात, जुन्याजाणत्यांच्या जबान्या घेतात, पण नोंद आहे आणि अर्धवट आहे, तर तिच्यावर ते निर्धास्त विश्वास ठेवतात, आणि तंट्याला सुरुवात होते ती तेथे. संमतिपत्रावर सही करताना माझ्या मनात परोपकाराची भावना होती असे म्हणवत नाही. ही मंडळी वही पुरती भरतात की अर्धीच सोडतात, एवढेच जाणून घेण्याची त्या वेळी मला उत्सुकता होती.

मेंदूची गाठ हा एक रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदू व मज्जासंस्थेच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांतील कित्येक इतके विरळ, की एखाद्या शल्यचिकित्सकास साऱ्या कारकिर्दीत त्यांचे दर्शन दोन-चारदाच घडावे. ज्या प्रकाराच्या नावाने सर्वांचा थरकाप होतो तो ग्लायोब्लास्टोमादेखील, काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेत, दर लाख माणसांमागे वर्षाला सुमारे तिघांनाच होतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीवर त्याचा आजचा रूढ उपचार उभा आहे, तीत गोळ्या आणि किरणोपचार यांच्या एकत्र योजनेने मध्यम आयुर्मान 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेले; आणि हे अडीच महिने सिद्ध करण्यासाठी 85 रुग्णालयांतून 573 रुग्ण गोळा करावे लागले. अशा विरळ आणि घाईच्या रोगाविषयी एका वैद्याचा अनुभव, तो कितीही निष्णात असो, पुरा पडत नाही.

हे ज्याने फार आधी ओळखले तो हार्वे कुशिंग स्वतः अनुभवात कोणासही हार जाणारा नव्हता. मेंदूच्या दोन हजारांहून अधिक गाठींवर त्याने शस्त्रक्रिया केल्या. 1902 साली, तो बाल्टिमोरला असताना, त्याने काढलेला एक नमुना तपासणीस गेला तो गहाळ झाला; तेव्हापासून आपल्या रुग्णांचे नमुने आपणच सांभाळणार असा आग्रह त्याने धरला, आणि त्या आग्रहातून जो संग्रह वाढला तो त्याच्याबरोबर आधी बोस्टनला आणि मग येल विद्यापीठात गेला. बरण्यांत ठेवलेले मेंदू, काचपट्ट्या, टिपणे आणि पंधरा हजारांवर छायाचित्रांच्या काचा असा तो पसारा. 1939 साली कुशिंग वारला, आणि पुढे कित्येक वर्षे त्या बरण्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या. 2010 पासून त्या येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात नीट मांडून ठेवल्या आहेत आणि लोक त्या पाहावयास जातात.

माझे लक्ष मात्र बरण्यांपेक्षा एका काळ्या वहीकडे जाते. लुईस आयझनहार्ट ही बाई कुशिंगकडे लेखनसाहाय्यक म्हणून आली, तेथे राहून वैद्यकाची पदवी घेऊन मज्जाविकृतींची तज्ज्ञ झाली, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेचे फलित काय झाले हे आपल्या लहानशा वहीत टिपीत राहिली. शस्त्रक्रिया ज्या दिवशी झाली त्या दिवशी दरवर्षी पत्राने प्रकृती कळवावी, अशी विनंती कुशिंग आपल्या रुग्णांना करीत असे. 1926 साली पर्सिव्हल बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमा जातीच्या गाठींचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि ज्याच्या पायावर पुढील कित्येक दशकांचे शास्त्र उभे राहिले, त्याचे मर्म केवळ सूक्ष्मदर्शकातून चारशेहून अधिक गाठी पाहण्यात नव्हते. कोणत्या पेशीची गाठ झालेला माणूस किती जगला, ही रुजवात त्यात घातली होती. बरणीतला तुकडा कितीही उत्तम राखला तरी त्याचा धनी पुढे किती वर्षे चालला, बोलला, जेवला हे तो सांगू शकत नाही. कारकुनीच्या कामाला जगात मान नाही, अशी तक्रार आमच्या पेशातील लोक जन्मभर करतात. त्यांना ही बाई माहीत नसते.

आपल्याकडे ही परंपरा वाटते तितकी कोवळी नाही. 1951 साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली, आणि तिनेच 1963 साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली; संपूर्ण वस्तीची मोजदाद करणारी देशातील ती पहिली वही. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम आखला, आणि 1982 च्या आरंभापासून मुंबई, बंगलोर व मद्रास येथील नोंदी त्यात जमा होऊ लागल्या. या वह्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांच्याकडे रुग्ण आपण होऊन चालत येत नाही; नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेची मृत्यूची दप्तरे पालथी घालतात, आणि एकच माणूस तीन ठिकाणी तीन वेळा मोजला जाऊ नये म्हणून नावाशी नाव, वयाशी वय आणि पत्त्याशी पत्ता ताडून पाहतात.

बार्शीला 1987 साली जी नोंदणी सुरू झाली ती याहून बिकट कामाची. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांची ती वही, देशातील पहिली ग्रामीण वही. रुग्णालयातून नोंदी गोळा करावयाच्या तर माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचली पाहिजेत. ती पोहोचतच नव्हती. तेव्हा कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन, चावडीवर नि पारावर बसून, कोणाला बरे नाही, कोणाची गाठ वाढते आहे, हे विचारावयाचे, रोगाची लक्षणे समजावून सांगावयाची आणि संशयित माणसाला तपासणीस आणावयाचे, अशी पद्धत तेथे पडली. परांड्याची बाजू माझी. माझ्या लहानपणी आमच्या घरातील एक चुलती पहाटे पहाटे डोके धरून ओकत असे. पुढे तिची दृष्टी गेली, चालता चालता ती एका अंगाला कलू लागली, आणि बाहेरची बाधा आहे म्हणून देवऋषीकडे खेटे घालण्यात तिचे उरलेले दिवस संपले. नोकरीत शिरल्यावर मी तिची मृत्यूची नोंद मुद्दाम काढून पाहिली. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ असे लिहिले होते. लिहिणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी कारणे दोनच होती, ताप आणि म्हातारपण, आणि ती म्हातारी नव्हती.

साधी गाठ आणि वाईट गाठ असा भेद आपण करतो, परंतु कवटीच्या आत तो पुरता टिकत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर कऱ्हाडकडील एक शिक्षिका होत्या. त्यांची गाठ मेंदूच्या आवरणाची, म्हणजे मेनिन्जिओमा, आणि डॉक्टरांनी ती साधी असल्याचे सांगितल्यावर सर्व नातलग पेढे घेऊन आले. बाईंना मात्र त्या साध्या गाठीने डाव्या डोळ्याने आंधळे केले होते. हाडाच्या पेटीत जागा मोजकीच असते आणि तीत जे वाढते ते कोणाची तरी जागा घेऊनच वाढते. कर्करोगाच्या वह्यांत अशा गाठींना पुष्कळ काळ थाराच नव्हता, कारण त्या व्याख्येने कर्करोग नव्हत. अमेरिकेत 2002 साली यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तेथील राज्यांच्या नोंदवह्यांतून 2004 पासून मेंदूच्या साध्या गाठीही मोजल्या जाऊ लागल्या. मोजू लागल्यावर दिसले काय, तर मेंदूच्या गाठींत साध्याच बहुसंख्य.

आता त्या ठरावीक मुदतीने विचारावयाच्या प्रश्नांविषयी. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसाठी वीस प्रश्नांची एक खास प्रश्नावली आहे. गेल्या आठवड्यात डोके दुखले का, फीट आली का, दिवसा झोप आली का, नजर अंधूक झाली का, योग्य शब्द सापडावयास त्रास झाला का, असे एकामागून एक विचारीत जावयाचे, आणि ‘मुळीच नाही, थोडेसे, बरेच, खूपच’ यांतील एका उत्तराभोवती गोल करावयाचा. त्वचेला खाज सुटते का, असाही एक प्रश्न तीत आहे. मेंदूच्या रोगात हा कोठून शिरला असे मला वाटले, पण औषधाने अंगावर पुरळ उठले तेव्हा प्रश्न घालणाऱ्याची दूरदृष्टी कळली. याशिवाय डॉक्टर एक आकडा घालतात. 1949 साली कार्नॉफ्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी बेतलेली ती मोजपट्टी: पूर्ण धडधाकट माणूस 100, मृत 0, आणि मधल्या पायऱ्या दहादहाच्या. मला नव्वद मिळाले. शाळेत मला इतके गुण कधी पडले नव्हते.

परंतु पहिल्याच मुलाखतीत एक पेच उभा राहिला, आणि आजतागायत तो सुटलेला नाही. माझी गाठ मेंदूच्या पुढच्या भागात होती, आणि हा भाग, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, माणसाच्या विचाराचा, संयमाचा आणि स्वतःकडे पाहण्याच्या शक्तीचा. ‘लक्ष लागत नाही असे होते का?’ या प्रश्नावर मी, क्षणाचाही विलंब न लावता, ‘मुळीच नाही’ असे सांगितले; आणि समोर बसलेल्या माझ्या पत्नीने माझ्याकडे न बघता समन्वयक बाईंकडे पाहिले. “अहो, परवा दुधाचे पैसे दोनदा दिलेत,” ती म्हणाली, “आणि त्याच्या आदल्या दिवशी दिलेच नाहीत म्हणून त्या पोराशी भांडलात.” मला यातले काहीच आठवत नव्हते. आठवत नव्हते म्हणूनच तर मी इतक्या ठामपणे ‘मुळीच नाही’ म्हणालो होतो.

ज्या अवयवाची चौकशी चालली आहे त्याचीच साक्ष काढावयाची, आणि तीही शपथेवर, असा प्रसंग न्यायालयात आला असता तर कोणत्याही वकिलाने हरकत घेतली असती. गुडघा दुखणाऱ्या माणसाचे म्हणणे गुडघ्याने बिघडत नाही; येथे मात्र दुखण्याने दुखण्याची खबरच दाबून ठेवावी अशी व्यवस्था आहे. मी बाईंना विचारले, आता तुम्ही काय लिहिणार? त्या म्हणाल्या, प्रश्नावली तुमची आहे, उत्तर तुमचेच लिहीन. काकूंचे म्हणणे वेगळ्या कागदावर वेगळे लिहीन. मला हे उत्तर फार आवडले. दोन तलाठ्यांची दोन मापे एकाखाली एक लिहून ठेवणे, आणि आपल्या अकलेने त्यांची सरासरी काढून तिसरेच माप दप्तरी दाखल न करणे, हे रेकॉर्डचे पहिले शील आहे. पत्नीला मात्र ते आवडले नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुमच्या रोगाची मी साक्षीदार झाले होय?” तिच्या स्वरात राग होता, आणि रागाखाली जे होते त्याबद्दल त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. पुढे तिला या कागदाची सवय झाली. घरात जे बोलता येत नसे, म्हणजे मी विनाकारण चिडतो, रात्री उठून कपाटे उघडतो, नातवाचे नाव विसरलो आणि ते लपविले, ते तिला त्या परक्या मुलीजवळ बोलता येऊ लागले. नोंदवहीत माझा फायदा नाही असे जे मला सांगितले गेले ते खरेच होते. तिचा झाला, आणि तो कोणत्याही रकान्यात दिसणार नाही.

माझ्या गाठीचे नाव ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. गुणसूत्र क्रमांक 1 चा आखूड बाहू आणि क्रमांक 19 चा लांब बाहू तीत गहाळ असतात, आणि हे गहाळ असणे रुग्णाच्या पथ्यावर पडणारे आहे, असे मला सांगण्यात आले. एखादी वस्तू गहाळ झाल्याबद्दल अभिनंदन होण्याचा माझ्या नोकरीच्या साऱ्या कालखंडात हा एकच प्रसंग. परंतु हे ज्ञान आले कसे, याची हकीकत मला अधिक विचार करावयास लावते. माझ्याच जातीच्या, पण अधिक चढ्या श्रेणीच्या गाठींवर उत्तर अमेरिकेत 1994 ते 2002 या काळात 291 रुग्णांची एक चाचणी झाली: काहींना नुसते किरणोपचार, काहींना त्याआधी तीन औषधांचा एक जोरकस क्रम. 2006 साली निकाल प्रसिद्ध झाला. आयुर्मानात फरक नाही. युरोपातील अशाच चाचणीचा निकालही त्याच वर्षी तसाच निघाला. तेथे फाइल बांधून ठेवली असती तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु रुग्णांची विचारपूस चालू राहिली, वर्षांमागून वर्षे, आणि 2013 साली जेव्हा हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा दिसले, की ज्यांच्या गाठीत हे दोन बाहू गहाळ होते त्यांपैकी नुसते किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान 7.3 वर्षे, आणि औषधांसह घेतलेल्यांचे 14.7 वर्षे होते. तब्बल दुप्पट! ती चाचणी होती, नोंदवही नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण निर्णय फिरला तो कोणत्याही नव्या औषधाने नव्हे, जुन्या रुग्णांची खबर घेत राहण्याच्या चिकाटीने. आज माझ्यासारख्याला डॉक्टर जो सल्ला देतात त्यात त्या अनोळखी माणसांचे दरवर्षीचे ‘आहे, बरा आहे’ मिसळलेले आहे.

नोंदवहीचा आणखी एक उपयोग मला शेजाऱ्यांनी शिकविला. माझा रोग समजल्यावर भेटीस येणारा प्रत्येक जण त्याचे कारण घेऊन येई, आणि दहांपैकी आठांचे कारण मोबाइल. मी कचेरीत मोबाइल क्वचितच वापरीत असे, याने त्यांचे समाधान होत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही 2011 साली या लहरींना ‘कदाचित कारण असू शकेल’ अशा यादीत घातले आहे, तेव्हा शंका अगदीच खुळी नव्हे. परंतु डेन्मार्कसारखा देश 1942 पासून कर्करोगाची वही ठेवीत आला आहे; त्याच्या आणि स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या शेजाऱ्यांच्या 1974 ते 2003 पर्यंतच्या वह्या एकत्र ताडून पाहिल्या तेव्हा, मोबाइल घरोघर आल्यानंतर मेंदूच्या गाठींच्या प्रमाणात काही उसळी आल्याचे आढळले नाही. हे ऐकून शेजारी म्हणतात, तिकडचे सोडा. मी म्हणतो, इकडचे सांगावयास इकडची वही तितकीच जुनी आणि तितकीच भरलेली हवी.

माझा मुलगा परदेशी एका संगणक कंपनीत आहे. सही केल्याचे कळल्यावर त्याने दूरध्वनीवरून मला चांगलेच फैलावर घेतले. बाबा, माहिती हेच आजकालचे धन. विमा कंपनीच्या हाती लागली तर काय, औषध कंपनीने विकत घेतली तर काय? त्याच्या प्रश्नांत तथ्य होते आणि मी ते जसेच्या तसे समन्वयक बाईंपुढे ठेवले. नाव काढून क्रमांक घालतात, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कुलुपात वेगळी असते, संशोधकाच्या हाती नुसता क्रमांक जातो, आणि अनुमती केव्हाही मागे घेता येते. असे त्यांनी समजावले. मग मी मुलाला म्हणालो, नाव पुसून टाकणे सोपे आहे रे, पण पुरते पुसले तर उद्या मी मेलो हे त्या क्रमांकाला कळणार कसे? ज्या देशात एकाच बाईचे नाव माहेरचे एक, सासरचे एक, शिधापत्रिकेवर तिसरे आणि केसपेपरवर लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते चौथे, त्या देशात गुप्तता राखणे आणि माणूस हरवू न देणे या दोन कर्तव्यांचा मेळ घालणे ही सोपी गोष्ट नव्हे. माझ्या मते संशय घ्यावा, प्रश्न विचारावेत, संमतिपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि तरीही सही करावी. संशयाच्या नावाखाली नकार देणारी पुष्कळ माणसे मी पाहिली. त्यांतील बहुतेकांनी कागद वाचलेलाच नव्हता.

निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारास सिद्ध करून द्यावे लागते. हयातीचा दाखला देण्यासाठी आम्ही म्हातारे बँकेत रांग लावतो, आणि समोर उभा असूनही हयात असल्याबद्दल सही करावी लागते याची थट्टा करतो. नोंदवहीचा फोन मला त्या दाखल्याचा सख्खा भाऊ वाटतो. मात्र एक फरक आहे: बँकेला मी गेल्याचे न कळले तर तोटा सरकारचा, वहीला न कळले तर तोटा कोणाचा, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

1872 च्या पुरावा कायद्यात अशी तरतूद होती, की ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात आहे हे शाबीत करण्याचा बोजा तसे म्हणणाऱ्यावर पडतो. कायदा असे गृहीत धरू शकतो. शास्त्राला ती मुभा नाही. 1958 साली कॅप्लान आणि मायर यांनी जी रीत घालून दिली तीप्रमाणे, बेपत्ता झालेला रुग्ण शेवटच्या खात्रीच्या तारखेपर्यंत हयात म्हणून मोजला जातो, आणि त्यानंतर हिशेबातून बाजूला काढला जातो. जो कंटाळून, गाव बदलून किंवा नंबर बदलून बेपत्ता झाला त्याच्यापुरती ही रीत अगदी न्याय्य. परंतु आपल्याकडे बेपत्ता होतो तो कोण? बहुतेक वेळा तो मेलेला असतो. माणूस गावी नेला जातो, तेथे तो जातो, फोन मुलाच्या हाती येतो, आणि ‘पेशंट कसे आहेत?’ असे कोणी विचारताच मुलगा फोन ठेवून देतो. त्याच्या दुःखाचा अपमान झाल्यासारखे त्याला वाटते, आणि तसे वाटणे माणुसकीला धरूनच आहे. पण परिणाम असा, की वहीत तो बाप मेलेला नाही. असे शंभर बाप न मेलेले राहिले म्हणजे वही सांगू लागते, की या गाठीची माणसे पुष्कळ जगतात. आणि पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या कोणाला तो खोटा आकडा खरा म्हणून सांगितला जातो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर तो जमीन विकतो किंवा विकत नाही, मुलीचे लग्न उरकतो किंवा पुढे ढकलतो.

हे ध्यानी आल्यावर मी समन्वयक बाईंचे नाव, विभागाचा दूरध्वनी आणि माझा नोंदणी-क्रमांक एका कागदावर लिहून तो मृत्यूपत्राच्या पाकिटात ठेवला, आणि पत्नीस सांगितले, की दहा-बारा दिवसांची गडबड आटोपली म्हणजे एवढा एक फोन करावयाचा. तारीख सांगावयाची, घरी की दवाखान्यात ते सांगावयाचे, आणि शेवटच्या महिन्यात काय होत होते ते, सांगवेल तितके, सांगावयाचे. ती म्हणाली, “आधी दुधाचे पैसे देणे लक्षात ठेवा.” कागद मात्र तिने तेथून काढलेला नाही, मी अधूनमधून पाहून खात्री करून घेतो.

या लेखाच्या वाचकांत अशा एखाद्या वहीत ज्यांचे नाव आहे असे थोडे असतील, आणि ज्यांच्या घरातील कोणाचे तरी होते असे थोडे अधिक. त्यांना माझी विनंती आहे. अनोळखी क्रमांकावरून एखाद्या दुपारी फोन येईल, बोलणारी मुलगी अडखळत ‘पेशंट कसे आहेत?’ असे विचारील; तिच्यावर रागावू नका, फोन ठेवू नका. माणूस गेला असेल तर गेल्याची तारीख तिला सांगा.